'फकिरा'चे जनक : अण्णाभाऊ साठे

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात वाटेगाव नावाचे गाव आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी या गावच्या मांगवाड्यात भाऊराव व वालुबाई या दांपत्याच्या पोटी एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव तुकाराम ठेवण्यात आले. हाच मुलगा पुढे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे म्हणून महाराष्ट्राला परिचित झाला.

त्या काळी इंग्रज सरकारने अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. अपराध केला असो वा नसो, माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. अशा काळात फकिरा नावाच्या बंडखोराने सरकारी खजिना लुटला. त्यातील ओंजळभर रुपये त्याने नुकत्याच जन्मलेल्या तुकारामाच्या घुटीसाठी वालुबाईंना दिले, अशी आठवण सांगितली जाते. हे ऋण अण्णाभाऊ कधीही विसरले नाहीत.

अण्णाभाऊ शाळेत जेमतेम दीड दिवस गेले, असे म्हणतात. पोटासाठी हे कुटुंब वाटेगावहून पायी मुंबईला आले. तेथे अण्णाभाऊंनी हमाली केली, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या व चित्रपटांची भित्तिपत्रके वाचत ते अक्षरे शिकले. कामगार चळवळीत ते ओढले गेले. १९४४ साली शाहीर अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या लावण्यांनी व पोवाड्यांनी जनतेला जागे केले. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. हे जग कष्टकऱ्यांच्या हातांवर उभे आहे, हा विचार त्यांनी तेथे मांडला.

१९५९ साली त्यांची 'फकिरा' ही कादंबरी प्रकाशित झाली. गावाच्या मानासाठी फकिराचे वडील राणोजी प्राण देतात. पुढे दुष्काळ पडतो. माणसे अन्नावाचून मरू लागतात आणि धान्याची कोठारे मात्र भरलेली असतात. तेव्हा फकिरा धान्य लुटून उपाशी माणसांना वाटतो. सरकार त्याच्या माणसांना कोंडून ठेवते. त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःहून शत्रूच्या हाती जातो. कायद्याने ज्याला चोर ठरवले, तो वाचकांच्या मनात वीर ठरतो. अण्णाभाऊंनी ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला.

अण्णाभाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या व अनेक कथा लिहिल्या. १९६१ साली त्यांनी रशियाचा प्रवास केला. परंतु कीर्ती मिळाली तरी दारिद्र्य हटले नाही. आयुष्याची अनेक वर्षे त्यांनी घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत काढली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले.

लेखक गेला, पण वाचकांनी त्याला अंतर दिले नाही. 'फकिरा'च्या आवृत्त्या निघत राहिल्या. २००२ साली अण्णाभाऊंच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्यात आले, तर २०२२ साली मॉस्कोतील ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला. दरवर्षी १ ऑगस्टला वाड्यावस्त्यांतून त्यांची जयंती उत्साहाने साजरी होते. पुस्तक हाती न घेतलेल्या माणसांनाही फकिराची गोष्ट ऐकून ठाऊक असते. कोणी ती आजोबांकडून ऐकलेली असते, तर कोणी शाहिराच्या मुखातून. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मान मिळाला नाही, त्यांना या कादंबरीत आपला मान सापडला. म्हणूनच हे प्रेम आटलेले नाही.

ज्याला शाळेचे दार बंद होते, त्याने पाट्यांवरची अक्षरे जोडली आणि आपल्या माणसांची कथा अमर केली. जन्माच्या वेळी मिळालेल्या ओंजळभर रुपयांची परतफेड अण्णाभाऊंनी अशी केली.