मूसा बिन मैमून : दुःख सोसलेला यहुदी हकीम आणि सज्जनांच्या संकटाचा प्रश्न

ताजियतीला गेलं की कोणीतरी हळूच बोलतंच, यांच्या हातून काही गुन्हा घडला असणार, त्याचीच ही शिक्षा. ज्या आईचं लेकरू गेलं तिच्याही कानावर ते जातं. आम्ही शाळेत शिकवतो, तिथे मुलंही विचारतात की चांगल्या माणसांवरच संकट का येतं? या प्रश्नावर यहुदी समाजात ज्यांनी खोल विचार केला, त्यात मूसा बिन मैमून यांचं नाव फार वरचं आहे. यहुदी लोक त्यांना रंबाम म्हणतात, युरोपात ते मायमोनिडीस म्हणून ओळखले जातात. त्यांची जवळजवळ सारी हयात मुस्लिम मुलुखात गेली.

११३८ च्या सुमारास अंदलुसमधल्या कुर्तुबा शहरात त्यांचा जन्म झाला. वडील यहुदी समाजाचे न्यायाधीश होते. मूसा लहान असतानाच, ११४८ मध्ये, मुवह्हिदून राजवटीने कुर्तुबा घेतलं आणि यहुदी-ख्रिस्ती लोकांवर धर्म बदलण्याची सक्ती केली. ही जबरदस्ती होती, हे आपण मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. घरदार सोडून हे कुटुंब बरीच वर्षं भटकलं. आधी मोरोक्कोतलं फास, मग ११६५ मध्ये जहाजाने अक्का, तिथून जेरुसलेम आणि शेवटी मिसर. तिथे काहिराजवळच्या फुस्तातमध्ये त्यांना आसरा मिळाला, तोही मुस्लिम राज्यातच.

धाकटा भाऊ दाऊद जवाहिऱ्यांचा व्यापार करायचा. त्याच्या कमाईवर घर चालायचं, म्हणून मूसांना निवांत अभ्यास करता येई. दाऊद व्यापारासाठी आपल्या हिंदुस्थानकडेही निघाला होता. लाल समुद्रावरच्या ऐजाब बंदरातून त्याने भावाला लिहिलेलं एक पत्र काहिराच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांत सापडलं, ते आजही जपलेलं आहे. पुढे हिंदी महासागरात तो बुडाला. सोबत घरचा आणि लोकांचाही पैसा गेला. मागे राहिली विधवा बायको आणि एक छोटी मुलगी.

मूसा खचले. ताप, अंगावर फोड, जवळपास वर्षभर ते अंथरुणाला खिळले. आठ वर्षांनंतर एका ओळखीच्या माणसाला लिहिलेल्या पत्रातही त्यांनी कबूल केलं की भावाचं अक्षर दिसलं तरी काळीज हलतं. एवढा मोठा आलिम, पण दुःख लपवलं नाही.

मग उठले. पोटासाठी हकिमी धरली. सुलतान सलाहुद्दीन यांचे वजीर काझी फाजिल यांनी त्यांना आश्रय दिला, पुढे सुलतानाचा मुलगा अल-अफजल यांचेही ते तबीब झाले. सकाळी काहिराला जायचं, दुपारनंतर भुकेल्या पोटी घरी यायचं, तर दारात यहुदी, मुसलमान, गरीब, अमीर सगळे बसलेले. रात्रीपर्यंत रोगी तपासायचे, थकवा आला की आडवं पडूनच औषध सांगायचं.

याच धावपळीत, ११९० च्या सुमारास, त्यांनी दलालतुल हाइरीन हा ग्रंथ पूर्ण केला. भाषा अरबी, लिपी हिब्रू. त्यात त्यांनी माणसाच्या दुःखाचे तीन प्रकार केले. पहिला, शरीर मातीचं आहे म्हणून येणारे आजार आणि भूकंपासारख्या आपत्ती. दुसरा, माणसाने माणसावर केलेला जुलूम. तिसरा, हाव आणि अतिरेकाने स्वतःच ओढवून घेतलेला त्रास. त्यांच्या मते तिसरा प्रकार सर्वात जास्त आणि पहिला सर्वात कमी. सारी दुनिया आपल्या एकट्यासाठीच बनली, असं समजूनच माणूस कुरकुर करतो, असंही त्यांचं म्हणणं होतं.

पण हजरत अय्यूब (अलैहिस्सलाम) यांचं काय? तो तर निर्दोष माणूस! इथे आपल्यात आणि त्यांच्यात फरक आहे. आपण अय्यूबांना नबी मानतो, मूसा बिन मैमून त्या किश्श्याकडे एक दृष्टांत म्हणून बघतात. अय्यूबांच्या मित्रांच्या बोलण्यात त्यांना वेगवेगळी मतं दिसली. एकात मोतझिलांचं, एकात अशअरींचं. आपल्या इल्मे-कलामचा त्यांचा अभ्यास किती होता, हे यावरून समजतं.

त्यांचा निष्कर्ष असा की अय्यूब नेक होते, पण सुरुवातीला त्यांची अल्लाहची ओळख ऐकीव होती. तेव्हा त्यांना संपत्ती, मुलंबाळं, तब्येत हेच सुख वाटायचं. खरी ओळख पटली तेव्हा कळलं की मोठं सुख हेच आहे आणि ते कोणतंही संकट हिरावून नेत नाही. अल्लाहची व्यवस्था आपल्या मापाने मोजता येत नाही.

१२०४ मध्ये त्यांचं निधन झालं. कबर तबरियात आहे.

त्यांचं प्रत्येक मत आपल्याला पटेल असं नाही. पण अय्यूबांवर आलेली संकटं ही त्यांच्या गुन्ह्याची शिक्षा नव्हती, हे आपणही मानतो आणि यहुदीही मानतात. तेव्हा पुढच्या वेळी ताजियतीला जाऊ तेव्हा कोणाच्या गुन्ह्यांचा हिशोब मांडू नये. जवळ बसावं, दुआ करावी, घरात चूल पेटली की नाही ते बघावं. अल्लाह आपल्या सर्वांना सब्र देवो.