प्रीतिसंगम : एक साइट, एक माणूस

नदीकाठच्या बागेचं डिझाइन करायचं म्हटलं की आम्हा सिव्हिलवाल्यांचा हात आधी पेन्सिलीकडे जातो. वॉकिंग ट्रॅक कुठे, कारंजं कुठे, पार्किंग किती गाड्यांचं, हे सगळं कागदावर पटापट उतरतं. पण साइट ॲनालिसिस म्हणजे काही काढायच्या आधी त्या जागेवर काय काय होऊन गेलंय आणि काय होऊ शकतं, हे समजून घेणं. यंदा अभ्यासासाठी मी कराडची प्रीतिसंगम बाग घेतली. पाणी, माती, ऊन, वारा, माणसांची ये-जा असे नेहमीचे रकाने भरले, तरी तक्ता अपुरा वाटत राहिला. कारण या बागेत स्वर्गीय यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, आणि तो माणूस समजल्याशिवाय ही जागा समजणार नाही असं माझं ठाम मत झालं. त्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी पाण्याचा रकाना. मी मूळचा उंब्रजचा. आमच्या गावाजवळ तारळी कृष्णेला मिळते, त्यामुळे संगम मला नवा नाही. पण बहुतेक उपनद्या एका बाजूने येऊन मोठ्या नदीत शिरतात. कराडला तसं नाही. इथे कृष्णा आणि कोयना चक्क समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र होऊन पूर्वेकडे वळतात. नकाशात इंग्रजी 'टी' अक्षर दिसतं. दोघींचा उगम महाबळेश्वरच्या डोंगरात. एकाच माहेरच्या दोघी वेगवेगळ्या वाटांनी निघून इथे भेटतात, म्हणून हा प्रीतिसंगम.

या कृष्णाकाठीच यशवंतराव वाढले. जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे या आजोळच्या गावी. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगली जिल्ह्यात आहे. वडील लहानपणीच गेले. आई विठाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मुलांनी शिकावं ही त्यांची जिद्द होती. घरची परिस्थिती बेताचीच. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. शाळेत असतानाच स्वातंत्र्य चळवळीचं वारं लागलं आणि १९३२ साली झेंडा फडकावल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडे एक विषय मागे राहिला तरी होस्टेलवर सुतक असतं. इथे मॅट्रिक व्हायच्या आतच दीड वर्ष तुरुंगात! तिथे त्यांनी वाचनाचा सपाटा लावला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमधून १९३८ ला बी.ए. आणि नंतर पुण्याहून वकिलीची परीक्षा, असं शिक्षण रेटून पुरं केलं.

२ जून १९४२ ला वेणूताईंशी लग्न झालं आणि दोनच महिन्यांत बेचाळीसचं आंदोलन पेटलं. यशवंतराव भूमिगत झाले. पोलिसांनी नव्या नवरीलाही अटक केली. नदीकाठच्या गावांतून, वस्त्यांवरून रात्री-अपरात्री फिरताना माणसं आणि मुलूख दोन्ही त्यांना पाठ झाले असणार. आमच्या भाषेत सांगायचं तर हाच त्यांचा फील्ड सर्व्हे.

१९४६ ला ते मुंबई विधानसभेवर निवडून गेले आणि १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. यशवंतराव नेहरूंच्या बाजूने उभे राहिले म्हणून मराठी माणसाचा मोठा रोष त्यांच्यावर होता. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर चरित्राची आरती होते. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. समितीचे हजारो लोक निदर्शनाला रस्त्यावर उतरले, पण तो दिवस शांततेत पार पडला. विरोधकाला जागा ठेवायची आणि आपलं म्हणणं दिल्लीच्या गळी हळूहळू उतरवायचं, ही त्यांची रीत. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि तेच पहिले मुख्यमंत्री झाले.

पुढच्या अडीच वर्षांत काय काय उभं राहिलं बघा. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं. सातारची सैनिक शाळा १९६१ ची. जिल्हा परिषदा, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि एमआयडीसी, तिन्ही १९६२ ची. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती ईबीसी. वर्षाला बाराशे रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांची फी माफ करण्याचा निर्णय त्यांच्या सरकारने घेतला. माझे थोरले चुलते शिकले ते या सवलतीवर. आमच्या घरात त्यांच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. होस्टेलच्या मेसमध्ये बसलेल्या प्रत्येकाने घरी विचारून पाहावं, कुठल्या तरी काका-मामाची फी अशीच माफ झालेली निघेल.

कोयना धरणाचं कामही त्याच काळातलं. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ ला सुरू झाली. इथे आमचा पाण्याचा रकाना पुन्हा उघडावा लागतो. सुमारे १०५ टीएमसीच्या या धरणातलं बरंचसं पाणी वीज करून पश्चिमेला, कोकणात जातं. म्हणजे संगमावर येणारी कोयना आता पूर्वीची राहिलेली नाही. एरवी किती पाणी यायचं ते धरण ठरवतं, आणि पावसाळ्यात दरवाजे उघडले की एकदम लोंढा येतो. या विजेवर महाराष्ट्रातले कारखाने चालले, पण धरणाखाली ज्यांची गावं गेली त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून पुरते सुटलेले नाहीत. संगमावर उभं राहून पाणी बघताना दोन्ही आठवलं पाहिजे.

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळली आणि १९७९ मध्ये उपपंतप्रधानही झाले. राजकारणात चढ आले तसे उतारही आले, शेवटची वर्षं तर एकाकीच गेली. मूलबाळ नव्हतं. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या. कराडला त्यांच्या नावाचं स्मारक आहे आणि यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह तिथेच आहे. आत्मचरित्राचे तीन खंड लिहायचा बेत होता, पण 'कृष्णाकाठ' हा पहिलाच पुरा झाला. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि अंत्यसंस्कार कराडला, याच संगमावर झाले.

आता या सगळ्याचा डिझाइनशी संबंध काय? आहे, आणि फार आहे. सध्या नदीकाठ सुशोभीकरण म्हटलं की साबरमतीचा फोटो पुढे येतो : दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत आणि वर फरसबंदी. संगमावर हे करून चालणार नाही. विसर्ग म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ गुणिले वेग, हे आपण हायड्रॉलिक्समध्ये पाठ करतो. भराव टाकून छेद अरुंद केला की पाण्याला एकतर वेगाने जावं लागतं, नाहीतर वर चढावं लागतं. त्यात इथे दोन प्रवाह समोरासमोर येतात. एकीला पूर असला की दुसरीचं पाणी तुंबतं. २००५ आणि २०१९ चे पूर या खोऱ्याने पाहिलेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्याची लाल रेषा, या दोन रेषा आधी प्लॅनवर काढाव्यात आणि मगच पेन्सिल पुढे न्यावी.

माझ्या तक्त्याचा निष्कर्ष असा : निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम नको. तिथे दगडी पायऱ्या, मातीचा उतार आणि पुरात तग धरणारी उंबर, जांभूळ, करंज यांसारखी झाडं पुरेत. बाकं अशी हवीत की वर चार दिवस पाणी राहिलं तरी धुऊन पुन्हा बसता येईल. भव्य कमान, लेझर शो वगैरे काही नको. २५ नोव्हेंबरला मोठी गर्दी होते, तिच्यासाठी मोकळी जागा हवी. पण उरलेले ३६४ दिवस इथे येतात ते फिरायला आलेले म्हातारे, पोरं खेळवणाऱ्या बाया आणि परीक्षेच्या टेन्शनमध्ये बसलेले आपण. सावली आणि पाण्याकडे उघडी नजर, एवढं मिळालं तरी या तिघांचं भागतं.

मित्रहो, स्मारक जेवढं मोठं तेवढा मान मोठा, असं आपल्याकडे समीकरण झालंय. यशवंतरावांनी उभं केलेलं बरंचसं या बागेच्या बाहेर आहे : शाळांत, जिल्हा परिषदांत, कारखान्यांच्या वसाहतींत आणि फी माफ झालेल्या घरांत. बागेला ते सिद्ध करायची गरज नाही. तिने दोन नद्यांना मोकळी जागा ठेवावी. उद्या आपल्यापैकी कुणाच्या टेबलावर या काठाची फाइल आली, तर सही करण्याआधी एकदा पावसाळ्यात इथे येऊन पाणी कुठवर चढतं ते बघावं, एवढीच विनंती.