जॉर्ज स्मिथ : निनेव्हेच्या मृत्पट्टिका आणि सृष्टिकथांच्या उगमाचा प्रश्न

प्राचीन सृष्टिकथांच्या अभ्यासाला ज्या मोजक्या व्यक्तींमुळे निश्चित दिशा लाभली, त्यांत जॉर्ज स्मिथ (१८४०–१८७६) या इंग्रज अभ्यासकाचे स्थान महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात सृष्टीच्या उत्पत्तीविषयीचा वाद प्रामुख्याने निसर्गविज्ञानाच्या क्षेत्रात चालू होता. चार्ल्स लायेल याच्या भूगर्भशास्त्रावरील ग्रंथाने (१८३०–१८३३) पृथ्वीचे वय काही सहस्र वर्षांच्या चौकटीत बसत नाही हे दाखवून दिले होते. आर्चबिशप अशर याने सतराव्या शतकात बायबलच्या आधारे मांडलेली इ. स. पू. ४००४ ही सृष्ट्युत्पत्तीची तिथी त्यामुळे डळमळीत झाली होती. डार्विनचे ग्रंथ १८५९ आणि १८७१ साली प्रसिद्ध झाले आणि मानवाची उत्पत्तीही या वादाच्या कक्षेत आली. विज्ञानाने उपस्थित केलेला प्रश्न सृष्टिकथा खरी आहे काय, असा होता. ती कथा आली कोठून, तिची घडण कशी झाली, हा प्रश्न त्याहून वेगळा आणि साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक मूलगामी होय. स्मिथच्या संशोधनामुळे हा दुसरा प्रश्न पुराव्याच्या पातळीवर आला. म्हणूनच त्याचे अल्प आयुष्य दैवतकथांच्या अभ्यासकाने समजून घेणे अगत्याचे ठरते.

१

जॉर्ज स्मिथचा जन्म लंडनमधील चेल्सी भागात २६ मार्च १८४० रोजी एका श्रमजीवी कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षी त्याला नोटांचे ठसे कोरण्याच्या कामावर उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. त्याचे औपचारिक शिक्षण तेथेच संपले. परंतु या धंद्याने त्याला एक गोष्ट दिली. सूक्ष्म रेषांमधील फरक ओळखण्याची सवय त्याच्या डोळ्यांना लागली, आणि ओल्या मातीवर बोरूने उमटवलेल्या खिळ्यांसारख्या खुणांची कीलाकार लिपी वाचताना हीच सवय पुढे त्याच्या उपयोगी पडली.

हेन्री लेयार्ड आणि होर्मुझ्द रस्साम यांनी प्राचीन निनेव्हेच्या कुयुंजिक टेकडीवर उत्खनन करून असुरबनिपाल या राजाच्या ग्रंथसंग्रहाचे हजारो तुकडे ब्रिटिश म्युझियमकडे धाडले होते. इ. स. पू. ६१२ मध्ये निनेव्हेचा पाडाव झाला तेव्हा लागलेल्या आगीत अनेक मृत्पट्टिका भाजून निघाल्या. ज्या आगीने नगर नष्ट केले तिनेच मातीवरील लेखन टिकाऊ केले. स्मिथ दुपारच्या सुटीत म्युझियममध्ये जाऊन हे तुकडे पाहत असे. लेयार्ड व हेन्री रॉलिन्सन यांचे ग्रंथ वाचून तो लिपी आपणच शिकला. १८६१ पासून त्याला संध्याकाळच्या वेळी तुकडे साफ करण्याचे व लावण्याचे काम मिळू लागले. इस्राएलचा राजा येहू याने असीरियाच्या तिसऱ्या शल्मनेसरला खंडणी दिल्याचे वर्ष १८६६ साली त्याने शोधून काढले. रॉलिन्सनच्या शिफारशीवरून १८६७ साली तो म्युझियमच्या सेवेत दाखल झाला आणि कीलाकार लेखांच्या मोठ्या प्रकाशनमालेत त्याचा सहभाग सुरू झाला.

२

१८७२ साली दैवतकथांच्या तुकड्यांची वर्गवारी करताना स्मिथच्या हाती एक पट्टिका आली. पर्वतावर टेकलेले तारू, त्यातून सोडलेले आणि बसायला जागा न मिळाल्याने परतलेले कबुतर, हे तपशील त्याने वाचले. बायबलमधील नोहाच्या कथेशी असलेले साम्य उघड होते. आज ही पट्टिका गिल्गमेश महाकाव्याची अकरावी पट्टिका म्हणून ओळखली जाते. वाचनानंतर हर्षाच्या भरात स्मिथ धावू लागला व अंगावरील वस्त्रे उतरवू लागला, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. ती वॉलिस बज याच्या १९२५ सालच्या ग्रंथावर आधारलेली आहे. १८७२ साली बज जेमतेम पंधरा वर्षांचा होता व म्युझियमच्या सेवेत तो १८८३ साली आला, ही गोष्ट विचारात घेतली असता या आख्यायिकेला ऐकीव माहितीपेक्षा अधिक मोल देता येत नाही. प्रलयकथेच्या शोधकाभोवतीही पन्नास वर्षांत एक कथा तयार झाली, एवढे मात्र तिच्यावरून दिसते.

३ डिसेंबर १८७२ रोजी बायबलविषयक पुरातत्त्व संस्थेच्या सभेत स्मिथने आपला निबंध वाचला. पंतप्रधान ग्लॅडस्टन सभेस उपस्थित होते. श्रद्धावंतांना या शोधात बायबलला मिळालेली पुष्टी दिसली. बायबलमधील कथा मूळची नसून उसनी आहे, असा उलट निष्कर्षही त्याच पट्टिकेवरून काढण्यात आला. प्रलय खरोखरच झाला की नाही, याचा निर्णय पट्टिकेने दिलेला नव्हता. एक कथा दोन भाषांत आणि दोन धर्मांत आढळते, एवढेच तिने सिद्ध केले होते. हा भेद त्या काळी फारसा पाळला गेला नाही.

यानंतर ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राने एक हजार गिनींची रक्कम देऊन स्मिथला निनेव्हेस पाठविले. या योजनेमागे एडविन अर्नोल्ड हा संपादक होता. पुढे ‘द लाइट ऑफ एशिया’ या बुद्धचरित्रपर काव्याचा कर्ता म्हणून तो प्रसिद्धीस आला. १८५० नंतरच्या दशकात पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचा, म्हणजे पुढील डेक्कन कॉलेजचा, तो प्राचार्य होता. पौर्वात्य कथांविषयीच्या त्याच्या आस्थेत पुण्यातील वास्तव्याचा वाटा होता, असे मानण्यास हरकत नाही.

मे १८७३ मध्ये कुयुंजिक येथे उत्खनन सुरू होताच अल्पावधीत प्रलयकथेचा आणखी एक तुकडा स्मिथला मिळाला. तो गिल्गमेश काव्यातील गाळलेला भाग भरून काढतो, असे त्याने ठरविले. कार्य सिद्धीस गेले असे मानून वृत्तपत्राने मोहीम आवरती घेतली. वस्तुतः तो तुकडा ‘अत्रहसीस’ या वेगळ्या आणि अधिक प्राचीन काव्यातील होता, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे जो पुरावा एका कथेची उणीव भरणारा वाटला, तो प्रत्यक्षात त्या कथेच्या पूर्वरूपाकडे बोट दाखवणारा होता. म्युझियमने लगेचच त्याला दुसऱ्या मोहिमेवर पाठविले. या प्रवासांची हकीकत १८७५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

३

मार्च १८७५ मध्ये स्मिथने ‘डेली टेलिग्राफ’मधून सृष्ट्युत्पत्तीच्या बाबिलोनी कथेचे तुकडे सापडल्याचे जाहीर केले आणि १८७६ साली ‘द चाल्डियन अकाउंट ऑफ जेनेसिस’ हा ग्रंथ प्रकाशित केला. आज ‘एनूमा एलिश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सात पट्टिकांच्या काव्याचा परिचय अभ्यासकांना प्रथम येथे झाला. आरंभी केवळ जल होते. आप्सू हे गोडे पाणी आणि तिआमत हे खारे पाणी एकमेकांत मिसळून देवांच्या पिढ्या निर्माण झाल्या. पुढे मार्दुक देवाने तिआमतचा वध करून तिच्या देहाचे दोन भाग केले आणि त्यांतून आकाश व पृथ्वी रचली. ही कथा बाबिलोनच्या नववर्षोत्सवात चौथ्या दिवशी म्हटली जात असे.

स्मिथच्या वाचनाची मर्यादाही याच ग्रंथात दिसून येते. तुकडे अपुरे होते आणि बायबलमधील ‘उत्पत्ती’चा क्रम त्याच्या मनात आधीच ठरलेला होता. त्यामुळे मानवाचे पतन, बाबेलचा मनोरा यांसारखे प्रसंगही त्याला तुकड्यांत दिसले. एका मुद्रेवरील वृक्ष, दोन आसनस्थ आकृती व सर्प यांत त्याने आदाम-हव्वेची कथा पाहिली. पुढील संशोधनात तेथे देव आणि उपासक असल्याचे मानले गेले. महाकाव्याच्या नायकाचे नावही त्याने ‘इझ्दुबार’ असे वाचले होते. ‘गिल्गमेश’ हे खरे वाचन १८९० साली थिओफिलस पिंचिस याने सिद्ध केले. या चुका क्षम्य असल्या तरी त्यांची जात ओळखणे आवश्यक आहे. साम्य शोधण्यासाठी निघालेल्या अभ्यासकाला साम्य सापडतेच. संहितेतील भेद दिसण्यासाठी वेगळी शिस्त लागते.

४

ऑक्टोबर १८७५ मध्ये स्मिथ उत्खननाचा परवाना मिळविण्यासाठी कॉन्स्टँटिनोपलला गेला आणि १८७६ मध्ये तिसऱ्या मोहिमेवर निघाला. रोगराई, प्रदेशातील अशांतता आणि उन्हाळ्याची तीव्रता यांमुळे उत्खनन होऊ शकले नाही. परतीच्या वाटेवर इकिसजी या गावी तो आमांशाने आजारी पडला आणि १९ ऑगस्ट १८७६ रोजी अलेप्पो येथे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. मागे पत्नी व मुले होती. राणीकडून कुटुंबाला दीडशे पौंडांचे वार्षिक वेतन देण्यात आले. त्याच्या ग्रंथाची सुधारित आवृत्ती ए. एच. सेस याने १८८० साली सिद्ध केली.

त्याने उघडलेल्या मार्गावरून पुढील अभ्यास दूरवर गेला. एल. डब्ल्यू. किंग याने १९०२ साली सृष्टिकाव्याच्या सात पट्टिकांची संहिता संपादित केली. ‘अत्रहसीस’ची विस्तृत संहिता लँबर्ट व मिलार्ड यांनी १९६९ साली प्रसिद्ध केली. देवांचे कष्ट हलके करण्यासाठी माती आणि मारलेल्या देवाचे रक्त यांपासून मानव घडविला गेला, आणि मानवाच्या गोंगाटाने त्रस्त होऊन प्रलय आणला गेला, असा क्रम त्या काव्यात आहे. बायबलमधील प्रलय मानवाच्या दुराचाराची शिक्षा आहे. कथानक तेच राहून त्याचा नैतिक अर्थ पालटला, ही बाब उसनवारीच्या आरोपापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाची आहे.

उगमाविषयीची अनुमाने अनेक आहेत. टायग्रिस-युफ्रेटिसचे पूर आणि शुरुप्पक येथे सापडलेला सुमारे इ. स. पू. २९०० चा गाळाचा थर यांचा संबंध प्रलयकथेशी जोडला जातो. लिओनार्ड वुली याने उर येथील थराविषयी १९२९ साली असाच दावा केला होता. परंतु निरनिराळ्या स्थळांचे थर एकाच काळातील नाहीत. गोड्या व खाऱ्या पाण्याच्या संगमावर गाळ साचून भूमी तयार होते, या त्रिभुज प्रदेशातील अनुभवाशी थॉर्किल्ड जेकबसन याने सृष्टिकथेचा आरंभ जोडला. तिआमतच्या युद्धाचा उगम मात्र त्याने पश्चिमेकडील समुद्रकिनाऱ्यावर शोधला. मार्दुकाच्या श्रेष्ठत्वामागे बाबिलोनचे राजकीय वर्चस्व आहे, हेही आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

या अभ्यासाचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. १९१७ सालच्या भांडारकर गौरवग्रंथात लोकमान्य टिळकांनी खाल्डियन व भारतीय वेदांसंबंधी निबंध लिहून अथर्ववेदातील ‘तैमात’ हा शब्द तिआमतशी जोडला. हे समीकरण सर्वमान्य झालेले नाही. केवळ ध्वनिसाम्यावर कथांचे नाते सिद्ध होत नाही, ही अडचण येथेही कायम राहते. तथापि, निनेव्हेच्या पट्टिका वेदाभ्यासाच्या कक्षेत आणण्याचे धाडस त्या निबंधात आहे.

उत्क्रांतिविज्ञान आणि सृष्टिकथा यांचे नाते स्मिथच्या चरित्राच्या प्रकाशात पाहिल्यास दोन्हींचे क्षेत्र स्पष्ट होते. पृथ्वीचे वय आणि सजीवांची वंशावळ यांचा निर्णय खडक, जीवाश्म व अनुवंश यांच्या पुराव्यावरून होतो. तेथे मृत्पट्टिका साक्षीदार म्हणून उभी राहू शकत नाही. परंतु कथांनाही वंशावळ असते. त्याही रूप पालटतात, काही भाग टाकतात, काही नवे घेतात. फरक असा की सजीवांच्या वंशात गुण मुख्यत्वे पूर्वजाकडून येतात, तर कथा शेजाऱ्याकडूनही येते आणि सांगणाऱ्याच्या हेतूने जाणीवपूर्वक बदलली जाते. म्हणून कथेच्या अभ्यासकाला वंशवृक्षाबरोबरच व्यापारमार्ग, राजसत्ता आणि उत्सव यांचाही विचार करावा लागतो. नोटांचे ठसे कोरणाऱ्या एका उमेदवाराने पंधरा-सोळा वर्षांच्या परिश्रमांतून या विचाराला लागणारी संहिता उपलब्ध करून दिली. त्याची अनेक वाचने आज टिकली नसली, तरी त्याने जोडलेल्या तुकड्यांखेरीज ती दुरुस्त करणेही पुढील अभ्यासकांना शक्य झाले नसते.