तेनसिंगच्या पायातले बूट: हलकेपणा, ऊब आणि बर्फाचं गणित

नाशिकच्या ट्रेकर मंडळींना दरवर्षी डिसेंबर जवळ आला की एकच प्रश्न पडतो. केदारकंठाला बर्फात जायचंय, तर हरिहर आणि साल्हेरला वापरतो तेच हलके शूज चालतील का? मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. एका जोडीचं वजन ८०० ग्रॅम, दुसरीचं १३०० ग्रॅम. साहजिकच बोट हलक्या जोडीकडे जातं.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे स्पेसिफिकेशनचा तक्ता दिसला की मीही आधी तोच वाचतो. पण बर्फावरच्या बुटांबद्दल मला सगळ्यात जास्त कळलं ते एका माणसाच्या आयुष्यातून. तो माणूस म्हणजे तेनसिंग नोर्गे. एव्हरेस्टवर पहिल्यांदा पोहोचलेल्या दोघांपैकी एक, एवढं आपण शाळेत शिकतो. त्यांच्या पायात काय होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

पैसे देऊन घातलेले बूट

तेनसिंग यांचा जन्म १९१४ चा. लहानपण एव्हरेस्टच्या पायथ्याजवळच्या खुंबू भागात, थामे गावात गेलं. घरी याक होते, ते चारायला डोंगरात न्यायचे. १९२० च्या दशकात तिबेटच्या बाजूने ब्रिटिशांच्या एव्हरेस्ट मोहिमा झाल्या. त्यात सामान वाहायला गेलेले शेर्पा परत येताना अंगावर परदेशी कपडे आणि पायात दणकट बूट घालून आले. छोट्या तेनसिंगना त्या बुटांचं इतकं वेड लागलं, की थोडे पैसे देऊन त्यांनी ते पायात घालून पाहिले. बूट इतके मोठे आणि जड होते की त्यांना पाऊलच उचलता येईना. ही आठवण त्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितली आहे.

त्या काळी गिर्यारोहकांचे बूट जाड चामड्याचे असत आणि तळाला लोखंडी खिळे ठोकलेले असत. खिळ्यांमुळे बर्फावर आणि खडकावर पकड मिळायची. पण लोखंडातून उष्णता पटकन वाहून जाते. म्हणजे जे खिळे घसरण्यापासून वाचवायचे, तेच तळपायाची ऊब बाहेर सोडायचे. शिवाय ओलं झालेलं चामडं रात्री गोठून लाकडासारखं कडक व्हायचं.

तरुणपणी तेनसिंग घर सोडून दार्जिलिंगला आले. १९३५ साली एरिक शिप्टन यांच्या मोहिमेत, आधीच्या कामाचा दाखला हाती नसताना, त्यांची हमाल म्हणून निवड झाली. १९३६ आणि १९३८ मध्येही ते एव्हरेस्टवर गेले. १९३८ मध्ये सामान घेऊन ८,२०० मीटरच्या वर पोहोचल्याबद्दल त्यांना 'टायगर' पदक मिळालं. तेव्हा त्यांचं वय होतं २४.

पायातलं वजन पाठीवर चौपट

इथे थोडं विज्ञान बघू, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल.

पाठीवरची सॅक शरीराबरोबर जवळपास एका रेषेत पुढे सरकते. पाय मात्र प्रत्येक पावलाला उचलायचा, पुढे झोकायचा, थांबवायचा आणि परत उचलायचा. म्हणून पायातलं एक किलो आणि पाठीवरचं एक किलो सारखं नसतं. १९६९ साली अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या सूल आणि गोल्डमन या संशोधकांनी हे मोजलं. तेवढंच वजन धडाऐवजी पायावर बांधलं तर शरीराला साधारण चार ते सहा पट जास्त मेहनत पडते, असं त्यांना आढळलं.

साधा हिशेब करू. प्रत्येक बूट ३०० ग्रॅमने जड आहे आणि दिवसभरात तुम्ही २०,००० पावलं टाकता. म्हणजे दिवसाला सहा टन जादा वजन उचललं! आता हेच ८,००० मीटरवर करून बघा. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो आणि एका पावलासाठी चार-पाच श्वास घ्यावे लागतात.

म्हणजे हलके बूट हा लाड नाही, गरज आहे. मग अडचण कुठे येते? ती १९५० मध्ये अन्नपूर्णेवर दिसली. मॉरिस हेर्झोग आणि लुई लाशेनाल हे फ्रेंच गिर्यारोहक ३ जूनला शिखरावर पोहोचले. त्यांच्या पायात चामड्याचे हलके बूट होते. चढताना ते सोयीचे होते, पण त्या उंचीवरच्या थंडीत पुरे पडले नाहीत. दोघांनाही हिमदंशामुळे पायाची सगळी बोटं गमवावी लागली.

बोटं नसलेला मित्र

हिमदंशाचा परिणाम तेनसिंग यांनी अगदी जवळून पाहिला होता. १९५२ च्या वसंतात ते स्विस मोहिमेबरोबर एव्हरेस्टवर गेले. तिथे त्यांची जोडी जमली रेमंड लँबर्ट यांच्याशी. १९३८ मध्ये आल्प्समधल्या हिवाळी चढाईत लँबर्ट यांच्या पायाची सगळी बोटं गेली होती. त्यांचे बूट खास आखूड बनवून घेतलेले असत.

या दोघांनी मे महिन्यात सुमारे ८,४०० मीटरवर एक रात्र काढली, तीही स्लीपिंग बॅग आणि स्टोव्हशिवाय. मेणबत्तीच्या ज्योतीवर बर्फ वितळवून घोटभर पाणी मिळवलं. रात्रभर एकमेकांना चोळत, थोपटत जागे राहिले. दुसऱ्या दिवशी ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत चढले आणि जीव राखून परतले. त्याआधी इतक्या उंचीवरून कुणी जिवंत परत आल्याची नोंद नव्हती. त्याच वर्षी शरद ऋतूत दोघं पुन्हा गेले, पण वारा आणि थंडीने त्यांना साउथ कोलच्या थोडं वरूनच मागे फिरवलं.

या स्विस ओळखीतून तेनसिंगना रेनडिअरच्या कातड्याचे बूट मिळाले. रेनडिअर हे उत्तर ध्रुवाकडच्या थंडीत राहणारं जनावर. त्याच्या केसांत आत हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

एक तंबू, दोन प्रकारचे बूट

१९५३ च्या ब्रिटिश मोहिमेने बुटांचा प्रश्न सरळ प्रयोगशाळेत नेला. इंग्लंडमधल्या 'सॅट्रा' या पादत्राणांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने उंचीसाठी खास बूट तयार केले. जाड चामड्याऐवजी बाहेर आणि आत पातळ चामडं, आणि मध्ये सावरीच्या कापसासारख्या कपोक तंतूंचा जाड थर. पायाचा घाम त्या थरात मुरू नये म्हणून आतल्या बाजूला पाणी अडवणारं अस्तर. तळाला खिळे नाहीत, तर बारीक बुडबुड्यांचं हलकं रबर. बूट दिसायला फुगीर, पण एवढी ऊब देऊनही जोडीचं वजन साधारण दोन किलो. त्या काळात ही मोठी झेप होती.

२८ मे च्या रात्री सुमारे ८,५०० मीटरवरच्या एका छोट्या तंबूत दोघं होते. एडमंड हिलरी यांच्याकडे नवे ब्रिटिश बूट, तेनसिंग यांच्याकडे स्विस बूट. हिलरींचे बूट ओले झाले होते, म्हणून त्यांनी ते काढून ठेवले. तेनसिंग पायात बूट ठेवूनच झोपले.

पहाटे तंबूतलं तापमान उणे २७ अंश होतं. हिलरींचे बूट दगडासारखे गोठले होते. प्रायमस स्टोव्हवर धरून ते मऊ करायला दोन तास गेले. एवढा खटाटोप करून साडेसहाला दोघं निघाले आणि साडेअकराला शिखरावर पोहोचले.

यात हिलरींचे बूट वाईट होते असं नाही. थर्मासचा विचार करा. थर्मास चहा गरम करत नाही, गरम चहा फक्त गरम ठेवतो. बुटाचंही तसंच. ऊब तुमच्या पायातून येते, बूट ती फक्त अडवून धरतो. पाय बाहेर काढला की बूट म्हणजे रिकामा थर्मास. त्यात ओलावा असेल तर त्याचा बर्फ होणारच. म्हणून आजच्या अतिउंचीवरच्या बुटांत आतला मऊ बूट वेगळा काढता येतो आणि रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतात.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्या दिवशी तेनसिंग यांच्या अंगावर ब्रिटिश विंडजॅकेट होतं, पत्नी आंग ल्हामू यांनी विणलेले मोजे होते, डोक्यावर जुने सोबती अर्ल डेनमन यांची लोकरी टोपी होती आणि गळ्यात लँबर्ट यांचा लाल स्कार्फ होता. कुठलाही एका कंपनीचा 'संपूर्ण किट' नव्हता. अठरा वर्षांत जे जे पटलं, ते ते त्यांनी जमवलं होतं.

शिखरानंतर

४ नोव्हेंबर १९५४ ला दार्जिलिंगमध्ये हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेनसिंग तिथले प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पहिले संचालक झाले. त्याआधी ते स्वित्झर्लंडला जाऊन स्वतः शिकवण्याचं तंत्र शिकून आले होते. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसाने पुढची अनेक वर्षं हजारो तरुणांना बर्फावर चालायला शिकवण्याच्या कामात घालवली. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगमध्येच त्यांचं निधन झालं. आजही महाराष्ट्रातली मुलं बेसिक कोर्ससाठी तिथे जातात.

मग आपले हलके शूज बर्फात चालतील का?

सह्याद्रीत हलके आणि लवचिक शूज उत्तमच. कातळावर सोल जितका वाकेल तितकी पकड चांगली मिळते. बर्फात मात्र चार गोष्टी तपासा, याच क्रमाने:

१. ओलावा. जाळीदार कापडाच्या शूजमध्ये बर्फ वितळून आत जातो. ओला मोजा कोरड्या मोज्यापेक्षा कितीतरी पटकन पाय गार करतो. पाणी न शिरणारे शूज, वरून गेटर आणि मोज्यांची एक कोरडी जोडी राखीव हवीच.

२. जागा. जाड मोजा घालून बोटं हलली पाहिजेत. शूज घट्ट असतील तर रक्तपुरवठा कमी होतो आणि मग कितीही महाग अस्तर असलं तरी उपयोग नाही. थर्मासमध्ये चहाच नाही!

३. कडकपणा. शूज हातात घेऊन वाकवून बघा. सहज वाकत असेल तर कडक बर्फात लाथ मारून पायरी करता येत नाही आणि क्रॅम्पॉन निसटू शकतो. केदारकंठासारख्या मळलेल्या वाटेवर अशा शूजवर साखळीचे मायक्रोस्पाइक चालतात. उभ्या बर्फाळ उतारावर मात्र कडक सोलचे बूटच लागतात.

४. वजन. पहिल्या तीन गोष्टी जुळणाऱ्या जोड्यांमधून सगळ्यात हलकी निवडा.

म्हणजे तक्त्यातला वजनाचा आकडा महत्त्वाचा आहेच, फक्त तो सगळ्यात शेवटी वाचायचा. आणि बोटं बधिर झाली, दुखायचीही थांबली, तर शिखर कितीही जवळ दिसत असलं तरी लीडरला सांगा आणि मागे फिरा. १९५२ मध्ये शिखर जवळ आलेलं असताना तेनसिंग आणि लँबर्ट मागे फिरले, म्हणूनच १९५३ ला पुन्हा चढायला तेनसिंग यांचे पाय शाबूत होते.