वतन, स्वातंत्र्य आणि स्वास्थ्य : कान्होजी जेधे यांच्या चरित्राच्या संदर्भात

व्यक्ती जितकी स्वतंत्र तितकी ती सुखी, हे आधुनिक गृहीत सतराव्या शतकातील मावळाला जसेच्या तसे लावता येत नाही. भोर तालुक्यातील कारीचे कान्होजी जेधे यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. रोहिडखोऱ्याची देशमुखी त्यांच्याकडे होती. वतन म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे. मान, भाऊबंदांतील स्थान, लेकरांचे भवितव्य, सारे त्यात गुंतलेले असे. वतनाविना माणसाच्या स्वास्थ्याची कल्पनाच त्या समाजाला परकी होती.

१६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली, तेव्हा कान्होजीही बंदीत पडले. सुटकेनंतर शहाजीराजांनी त्यांना शिवाजी महाराजांच्या पाठीशी उभे राहण्यास मावळात धाडले. खरी कसोटी लागली ती १६५९ मध्ये. अफजलखानास मिळावे, असे आदिलशाही फर्मान आले. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी मात्र फर्मान घेऊन पुत्रांसह महाराजांकडे आले. वतन बुडेल, याची जाणीव महाराजांनीच करून दिली असता त्यांनी हातावर पाणी घेऊन वतनावर उदक सोडले.

हा निर्णय एकट्याचा म्हणता येईल काय? शहाजीराजांना दिलेला शब्द त्यामागे होता आणि पुत्रही सोबत होते. कान्होजी बंधनांतून मुक्त झाले नाहीत. कोणते बंधन आपले मानावयाचे, एवढे त्यांनी ठरविले. ही हकीकत सांगणारा 'जेधे करीना' हा घराण्याचा हक्क आणि सेवा नोंदविणारा कागद आहे. वतन सोडल्याची गोष्ट नेमकी त्यातच यावी, हे लक्षणीय होय. त्याग हीच पुढे घराण्याची मिरास झाली.

तथापि या निष्ठेचे मोलही द्यावे लागले. प्रतापगडानंतर खंडोजी कान्होजींच्या आश्रयास आले. कान्होजींनी रदबदली केली. त्याने प्राण वाचले, पण महाराजांनी खंडोजींचा एक हात व एक पाय तोडविला. शब्द टाकणाऱ्या वडीलधाऱ्यास हे सलले नसते तरच नवल.

१६६० च्या पावनखिंडीनंतर दरबारातील पहिल्या पानाचा मान जेध्यांनी महाराजांच्या इच्छेनुसार बांदलांना दिला, असे परंपरा सांगते. जेधे-बांदलांचे जुने वैर लक्षात घेता वतनावरील पाण्यापेक्षा हे सोडणे अधिक अवघड असावे. भोरजवळ आंबवडे येथे कान्होजींची समाधी आहे. शेजारीच जिवा महाले यांची.