फूल पडलेल्या डोळ्यांचा डॉक्टर

आपल्याकडे खेड्यापाड्यांत 'डोळ्यात फूल पडले' असे म्हणतात. शब्द मोठा गोड, पण हे फूल माणसाला आंधळे करते. डोळ्याच्या काळ्या भागासमोर काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टरमंडळी त्याला कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पूर्वी देवी येत, खुपऱ्या होत. आजही नागिणीच्या जातीच्या विषाणूंमुळे डोळा सुजतो किंवा पिकाचे पाते लागून झालेली जखम चिघळते. दाह ओसरतो, पण जाताना पांढरा डाग ठेवून जातो. आतला डोळा धडधाकट असतो, फक्त खिडकीची काच धुरकटलेली असते.

जिल्ह्याच्या गावी मी पस्तीस वर्षे डोळ्यांची डॉक्टरकी केली. अशी फुले पुष्कळ पाहिली. ती पाहताना ज्या माणसाची मला हटकून आठवण होई, त्या व्लादिमीर पेत्रोविच फिलातोव यांच्याविषयी आज लिहितो आहे.

फिलातोव यांचा जन्म १८७५ सालचा, रशियातल्या पेन्झा प्रांतातल्या मिखाइलोव्का गावचा. वडील डॉक्टर होते आणि डोळ्यांवरही शस्त्रक्रिया करीत. काका नील फिलातोव हे बालरोगांचे नामांकित वैद्य. मुलगा वैद्यकीकडे वळला यात नवल नव्हते. १८९७ साली मॉस्को विद्यापीठातून पदवी घेऊन ते डोळ्यांच्या कामाला लागले. १९०३ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी आले आणि तिथलेच झाले. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. १९११ साली तिथल्या विद्यापीठात नेत्रविभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

त्या काळी फूल पडलेल्या डोळ्याला उपाय नव्हता. धुरकट काच काढून नवी बसवावी, ही कल्पना मात्र जुनी होती. प्राण्यांच्या डोळ्यांचे पडदे माणसाला लावून पाहिले गेले, ते टिकत नसत. १९०५ च्या डिसेंबरात मोराव्हियातल्या ओलोमौत्स गावी डॉ. एदुआर्द झिर्म यांना पहिले यश आले. त्यांच्या रोग्याचे दोन्ही डोळे चुन्याने भाजले होते. एका अकरा वर्षांच्या मुलाचा जखमी डोळा काढावाच लागणार होता. त्याच्या पडद्याचा तुकडा झिर्म यांनी रोग्याला बसवला आणि एका डोळ्याला नजर आली.

बातमी आनंदाची खरी, पण एक अडचण उरलीच. जिवंत माणसाचा डोळा काढण्याची वेळ कितीदा येणार? आणि त्यात पडदा चांगला असलेले डोळे किती निघणार? रांगेत हजारो आंधळे आणि मिळणार मूठभर तुकडे, असा हा हिशेब होता.

फिलातोव यांनी १९१२ मध्ये पहिले रोपण केले. ते फसले, बसवलेला पडदा गढुळला. तेव्हा त्यांचे वय सदतीस होते. दुसरा एखादा या वाटेला पुन्हा गेला नसता. फिलातोव यांनी विषय सोडला नाही. मधल्या काळात महायुद्ध आले, क्रांती झाली. त्याच धामधुमीत १९१६ मध्ये त्यांनी एका रोग्याची पापणी नव्याने घडवण्यासाठी एक युक्ती काढली. त्वचेची पट्टी शरीरापासून पूर्ण न तोडता तिची नळी करायची आणि टप्प्याटप्प्याने हवी तिथे न्यायची. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड गिलीज यांनी स्वतंत्रपणे हीच रीत वापरली. युद्धात चेहरे विद्रूप झालेल्या कित्येक सैनिकांना तिचा आधार मिळाला.

पण मला फिलातोव मोठे वाटतात ते पुढच्या गोष्टीसाठी. पडदा जिवंत माणसाचाच का हवा, हा प्रश्न त्यांनी धसास लावला. माणूस गेला तरी त्याचा कॉर्निया लगेच मरत नाही. त्यात रक्तवाहिन्या नसतात. तो अश्रूंवर आणि डोळ्यातल्या पाण्यावर जगतो. मृताचे डोळे काढून दोन ते चार अंश तापमानात थंड ठेवावेत आणि मग वापरावेत, असे त्यांनी ठरवले. १९३१ साली असा पडदा रोग्याच्या डोळ्यात स्वच्छ राहिला. पहिल्या अपयशाला तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. इतरांनीही या दिशेने प्रयत्न केले होते, पण मृताच्या डोळ्यांवर शेकडो शस्त्रक्रिया करून ही रीत रूढ केली ती ओडेसाने. १९३६ मध्ये तिथे त्यांची नेत्रसंस्था उभी राहिली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तरी सगळेच डोळे उघडत नसत. ज्या डोळ्यात दाह पुन्हा पुन्हा होऊन गेला आहे, त्यात लाल रक्तवाहिन्यांचे जाळे आत शिरते. नव्या पडद्याला परका म्हणून ओळखणाऱ्या पेशी याच वाटेने येतात आणि तो गढूळ करतात. शरीर परक्या ऊतींना का नाकारते, याचा उलगडा पुढे १९४० च्या दशकात पीटर मेडावार यांनी केला. त्यांना १९६० मध्ये नोबेल मिळाले. फिलातोव यांच्या हाती ते ज्ञान नव्हते, दाह आवरणारी स्टेरॉइडची औषधे नव्हती, केसाहून बारीक टाकेही नव्हते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग फुलांची प्रतवारी लावली. कोणत्या डोळ्यात आशा जास्त, कोणत्यात कमी, हे चाकू उचलण्याआधी पाहू लागले.

ही शिकवण मला आयुष्यभर पुरली. विषाणूच्या दाहाने एक डोळा गेलेली एक तरुण शेतकरीण माझ्याकडे आली होती. शस्त्रक्रिया उद्याच करा, असा तिच्या आईचा हट्ट. मी म्हटले, आधी डोळा शांत होऊ दे, वर्ष लागले तरी चालेल. माय-लेकी नाराज होऊन गेल्या, पण औषधे चुकवली नाहीत. वर्षभराने मोठ्या शहरात तिचे रोपण झाले. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे तिला पाठ करून दिले होते. एकदा तशी वेळ आलीच. ती पहिल्या एस.टी.ने आली, म्हणून पडदा वाचला.

फिलातोव यांचे सारेच बरोबर होते असे नाही. थंडीत ठेवलेल्या ऊतींत काही खास संजीवक द्रव्ये तयार होतात, असे त्यांचे मत झाले. त्या द्रव्यांनी नाना रोगांवर उपचार करण्याचा त्यांनी मोठा पुरस्कार केला. पुढच्या वैद्यकाने ते दावे मान्य केले नाहीत. माणूस म्हणून मात्र ते विलक्षण होते. देव न मानणाऱ्या राजवटीत ते श्रद्धाळू ख्रिस्ती राहिले. चित्रे काढीत, कविता लिहीत. दुसऱ्या महायुद्धात ओडेसा शत्रूच्या हाती गेले, तेव्हा त्यांना ताश्कंदपर्यंत स्थलांतर करावे लागले. १९४४ मध्ये शहर मुक्त झाल्यावर सत्तरीला टेकलेला हा डॉक्टर परतला आणि संस्था पुन्हा उभी करण्याच्या मागे लागला. ३० ऑक्टोबर १९५६ रोजी ओडेसातच त्यांचे निधन झाले.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, आपल्या मुंबई राज्यात मृताचे डोळे रोपणासाठी घेण्याचा कायदा झाला. मद्रासला नेत्रपेढी त्याआधीच, १९४५ मध्ये निघाली होती. पुढे १९९४ च्या केंद्रीय कायद्याने साऱ्याच अवयवांच्या रोपणाला चौकट आली.

कायदा आहे, शस्त्रक्रिया सुधारली आहे. अडते ते दुःखाच्या घरात. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात. नेमक्या त्या वेळी घरात रडारड असते आणि विचारायचे कसे, हे कुणालाच सुचत नाही. मी अशा दारांत उभा राहिलो आहे. जिथे गेलेल्या माणसाने आपली इच्छा आधी सांगून ठेवली होती, तिथे मुलाने डोळे पुसत लगेच मान हलवली. जिथे विषयच निघाला नव्हता, तिथे काका मामांकडे पाहत राहिले आणि वेळ निघून गेली. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा होता किंवा मोतीबिंदू काढला होता म्हणून सहसा अडत नाही. हे सांगायलाही तेव्हा अवधी नसतो.

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा पाळतात. तोवर थांबायचे कारण नाही. आज रविवार आहे, सगळे घरी आहेत. जेवणे झाली की आपल्या डोळ्यांचे पुढे काय करायचे, ते घरातल्यांना एकदा सांगून टाका. फिलातोव यांनी एकोणीस वर्षे झगडून खुली केलेली वाट आपल्या उंबऱ्याशी येऊन अडू नये, एवढेच माझे मागणे आहे.