हरणाऱ्या मास्तरांचा खेळ

अमेरिकेच्या मध्यभागी, कॅन्सस आणि मिसुरीच्या सपाट, गव्हाच्या मुलखात, हजार-दीड हजार विद्यार्थ्यांची कितीतरी कॉलेजे आहेत. दोन राज्ये ओलांडली की त्यांची नावे खुद्द अमेरिकनांनाही ठाऊक नसतात. पण थंडी पडू लागली की या गावांतून एकच विषय निघतो. शेजारपाजारच्या आठ-दहा कॉलेजांनी मिळून केलेला जो गट, ज्याला तिकडे कॉन्फरन्स म्हणतात, त्यात यंदा आपला बास्केटबॉलचा संघ कितवा येणार? गेल्या वर्षीचा तो ताडमाड गडी पदवी घेऊन गेला, त्याची जागा कोण भरून काढणार? पहिल्या वर्षाची पोरे परगावच्या मैदानावर टिकतील का? न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, पेट्रोल पंपावर हा काथ्याकूट सारा हिवाळाभर चालतो. आपल्याकडे गावच्या कबड्डी संघाविषयी पारावर ज्या पोटतिडकीने बोलले जाते, तीच ही पोटतिडीक. आणि कित्येक दशके या साऱ्या चर्चेचा शेवट एकाच प्रश्नावर होत आला: मार्चमध्ये कॅन्सस सिटीच्या स्पर्धेला आपला नंबर लागणार का?

कॅन्सस सिटीची ही छोट्या कॉलेजांची स्पर्धा १९३७ साली सुरू झाली. मोठ्या विद्यापीठांची जी राष्ट्रीय स्पर्धा आज टीव्हीमुळे जगभर पोहोचली आहे, तिच्याही दोन वर्षे आधी. आणि या थोरल्या पण गरीब स्पर्धेच्या जन्मवेळी जी मंडळी हजर होती, त्यांत पंचाहत्तरी गाठलेले, जाड मिशांचे, चष्मा लावणारे एक प्राध्यापक होते. बास्केटबॉल हा खेळच त्यांनी शोधून काढला होता. त्यांचे नाव जेम्स नेस्मिथ.

हुतूतू कोणी काढला, विटीदांडू कोणी, हे सांगता येत नाही. खेळ असे मातीतून उगवतात. बास्केटबॉल त्याला अपवाद. त्याचा जन्मदिवस ठाऊक आहे, खोली ठाऊक आहे, बापाचे नाव ठाऊक आहे. एवढे ठाऊक असूनही तो बाप मात्र खेळाच्या झगमगाटात कुठेच दिसत नाही. त्याची कारणे त्यांच्या आयुष्यात आहेत.

नेस्मिथ जन्माने कॅनडाचे. ६ नोव्हेंबर १८६१ रोजी ऑन्टॅरिओ प्रांतातल्या आल्मॉन्ट गावाजवळ त्यांचा जन्म झाला. १८७० साली विषमज्वराने आई आणि वडील दोघेही गेले. पोरका जेम्स मामाच्या घरी, शेतावर वाढला. मधेच शाळा सोडून त्याने लाकूडतोड्यांच्या टोळीत काही वर्षे काढली, मग परत येऊन आपल्याहून लहान मुलांच्या बाकावर बसून शाळा पुरी केली. पुढे माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची पदवी, त्यानंतर धर्मशास्त्राचा अभ्यास. घरच्यांची अपेक्षा होती की मुलगा पाद्री होईल. पण हा मुलगा रग्बीच्या मैदानावर धक्काबुक्की करून यायचा आणि काळ्यानिळ्या डोळ्यांनी व्यासपीठावर उभा राहायचा. व्यासपीठापेक्षा मैदानावर माणूस अधिक लवकर घडतो, अशी त्यांची धारणा होत गेली आणि १८९० मध्ये ते अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी, वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले.

तिथे हिवाळ्यात एक अडचण होती. बाहेर बर्फ, त्यामुळे फुटबॉल बंद; आणि आत व्यायामशाळेत नुसत्या कवायती. अठरा तरुणांचा एक वर्ग या कवायतींना इतका विटला होता की दोन शिक्षकांनी हात टेकले. प्रमुख ल्यूथर ग्युलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्या गळ्यात मारला आणि चौदा दिवसांत आत खेळता येईल असा नवा खेळ शोधायला सांगितले. नेस्मिथ यांनी आधी जुनेच खेळ आत आणून पाहिले. फुटबॉल खेळले तर खिडक्या फुटायच्या, लॅक्रोस खेळले तर हातपाय. मुदत संपत आली.

मग त्यांनी खेळाची चिरफाड केली. दांडगाई कशाने होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवण्यावरून. तर मग चेंडू घेऊन पळायचेच नाही. चेंडू जोरात का मारतात? गोल समोर उभा असतो म्हणून. तर मग गोल आडवा करून डोक्यावर टांगायचा. इथे त्यांना लहानपणचा एक खेळ आठवला. आपल्या लगोरीचाच तो चुलतभाऊ म्हणायचा. एका मोठ्या दगडावर लहान दगड ठेवायचा आणि लांबून आपला दगड मारून तो पाडायचा. जोर काढून सरळ मारणाऱ्याचा दगड चुकला की दूर जाई आणि तो आणायला गेलेला गडी पकडला जाई. हलकेच, वरून कमान काढून टाकणारा सुटे. ताकदीपेक्षा हाताचा अंदाज मोठा, हे त्या लगोरीने शिकवलेले सूत्र. बास्केटबॉलच्या टोपलीत आजही बहुतेक चेंडू त्या कमानीनेच पडतात.

२१ डिसेंबर १८९१. विद्यालयाच्या शिपायाकडे नेस्मिथ यांनी दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फूट उंच होता, म्हणून टोपलीची उंची दहा फूट. एवढ्या वर्षांत खेळाडू कितीही उंच झाले तरी ती बदललेली नाही. तेरा नियम टंकलिखित करून फलकावर लावले. अठरा जण होते म्हणून एका बाजूला नऊ. चेंडू फुटबॉलचा. टोपल्यांना बूड असल्यामुळे चेंडू आत पडला की शिडी लावून काढावा लागे. पण शिडीला त्या दिवशी फारसे काम पडले नाही, कारण संपूर्ण सामन्यात एकच गोल झाला. खेळाला नेस्मिथ यांचेच नाव द्यावे, असे एका विद्यार्थ्याने सुचवले. त्यांनी ते हसण्यावारी नेले. मग त्याच विद्यार्थ्याने टोपली आणि चेंडू यांची मोट बांधून नाव दिले आणि ते टिकले.

वाय.एम.सी.ए.च्या शाखा जगभर होत्या, त्यामुळे खेळ वणव्यासारखा पसरला. आपल्याकडेही तो याच वाटेने आला. मद्रासला हॅरी बक यांनी १९२० साली सुरू केलेल्या वाय.एम.सी.ए.च्या शारीरिक शिक्षण संस्थेतून तयार झालेले शिक्षक तो शाळाशाळांतून घेऊन गेले. मुंबईत नागपाड्याच्या दाटीवाटीत पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडवणारी बास्केटबॉलची मैदाने आहेत, त्यांतल्या एकावर आजही वाय.एम.सी.ए.चेच नाव आहे.

नेस्मिथ यांनी खेळाचे पेटंट घेतले नाही. ते डेन्व्हरला गेले, दिवसा वाय.एम.सी.ए.त शिकवत त्यांनी वैद्यकीची पदवी मिळवली आणि १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात, लॉरेन्स गावी आले. नेमणूक होती प्रार्थनागृह आणि शारीरिक शिक्षण या दोन खात्यांवर. बास्केटबॉलचा संघ हा जोडधंदा. त्या संघाने पहिलाच सामना गमावला, तोही वाय.एम.सी.ए.च्याच संघाकडून. नऊ हंगामांत ५५ विजय आणि ६० पराभव. कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉलचा इतिहास विजयांनी ओसंडून वाहणारा आहे. त्या साऱ्या इतिहासात ज्यांचे पराभव विजयांहून अधिक आहेत, असे प्रशिक्षक एकच: खेळाचा जनक!

या गोष्टीवर तिकडे खूप विनोद होतात. पण नेस्मिथ यांना त्याचे सोयरसुतक नव्हते. परगावच्या सामन्यात पुष्कळदा ते प्रशिक्षक म्हणून बाकावर बसण्याऐवजी पंच म्हणून शिट्टी घेऊन मैदानात उतरत. स्वतःच्याच संघाचे फाऊल काढणारा प्रशिक्षक कसा जिंकणार? त्यांचा विद्यार्थी फॉग अॅलन प्रशिक्षकाची नोकरी घेऊन निघाला, तेव्हा हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे सांगून त्यांनी त्याला परावृत्त करायचा प्रयत्न केला. अॅलनने ऐकले नाही. १९०७ मध्ये तोच गुरूच्या जागी बसला आणि पुढे अमेरिकेतल्या थोर प्रशिक्षकांत गणला गेला. हंगाम, गुणतक्ता, भरगच्च प्रेक्षागार, हे सारे अॅलनने आणले. गुरू मात्र विद्यार्थ्यांच्या छात्या मोजत, त्यांना तलवारबाजी शिकवत आणि लोकांच्या अडीअडचणी ऐकत राहिला. पहिल्या महायुद्धात वाय.एम.सी.ए.तर्फे त्यांनी फ्रान्समध्ये सैनिकांत जवळजवळ दोन वर्षे काढली. पैशाची चणचण घरात कायमची.

१९३६ मध्ये अॅलन यांच्यासारख्यांच्या खटपटीने बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आला. बर्लिनला जाण्याइतके पैसे जनकाकडे नव्हते. देशभरच्या प्रशिक्षकांनी वर्गणी काढली. पत्नी मॉड आजारी, म्हणून ते एकटेच गेले. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या मैदानावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. एक देश जन्माचा, दुसरा नागरिकत्वाचा. पदके नेस्मिथ यांच्या हस्ते दिली गेली. परतल्यावर काही महिन्यांतच, मार्च १९३७ मध्ये, मॉड गेल्या.

त्याच महिन्यात कॅन्सस सिटीची स्पर्धा भरली. तिच्यामागे व्यवहार होता, हे लपवण्याचे कारण नाही. शहराने मोठे नवे प्रेक्षागार बांधले होते आणि तिथली हौशी संघांची मोठी स्पर्धा डेन्व्हरने पळवली होती. लॉरेन्सजवळच्या बेकर या छोट्या कॉलेजचे एमिल लिस्टन यांनी संधी ओळखली. मोठ्या विद्यापीठांच्या सावलीत खेळणाऱ्या कॉलेजांना आपले असे एक राष्ट्रीय व्यासपीठ हवे, या त्यांच्या कल्पनेला नेस्मिथ यांनी पाठबळ दिले. पहिल्या वर्षी आठ संघ आले, दुसऱ्या वर्षी बत्तीस. पारावरच्या त्या चर्चेला पंढरी मिळाली.

पण त्या पंढरीत सगळ्यांना प्रवेश नव्हता. कृष्णवर्णीय खेळाडूंना स्पर्धेत मज्जाव होता. आणि इथे नेस्मिथ यांच्या चरित्रातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग येतो.

१९३३ साली जॉन मॅकलेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा लॉरेन्सला आला. वडिलांनी त्याला विद्यापीठाच्या दारात सोडले आणि सांगितले, नेस्मिथांना शोध. तो थेट त्यांच्या खोलीत गेला आणि तुम्हीच माझे मार्गदर्शक आहात, असे वडील म्हणतात, म्हणून उभा राहिला. वडील सांगतात ते बरोबरच असते, असे उत्तर मिळाले आणि प्रश्न मिटला. पण विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात त्याला जागा नव्हती, कारण तो संघ गोऱ्यांचा. शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी पोहण्याची परीक्षा आवश्यक होती. मॅकलेंडन तलावात उतरून गेला, तर मागाहून तलावातले सगळे पाणी काढून टाकले गेले. नेस्मिथ त्याच्या पाठीशी उभे राहिले, तो पदवीधर झाला, पुढे आयोवा विद्यापीठात शिकायला गेला. संघाची दारे मात्र मिटलेलीच राहिली. कॅन्ससच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९५१ उजाडले. नेस्मिथ यांनी एका मुलासाठी जे करता येईल ते केले, व्यवस्थेशी भांडण मात्र मांडले नाही, असेच म्हणावे लागते. ते पंच होते, बंडखोर नव्हते.

जे बंड करायचे ते विद्यार्थ्याने केले. मॅकलेंडन नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम येथे, कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या कॉलेजात शिकवू लागला. मैदानभर प्रतिस्पर्ध्याचा पिच्छा पुरवायचा आणि चेंडू हाती येताच धाव घ्यायची, ही त्याची शैली. तिचे मूळ तो नेस्मिथ यांच्या शिकवणीत सांगे. गोऱ्यांशी खेळणे कायद्याने अशक्य होते. म्हणून १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, त्याच्या पोरांनी ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गोऱ्या संघाला बंद दाराआड ८८-४४ असे हरवले. वृत्तपत्रांत अक्षर छापून आले नाही. १९४६ मध्ये त्याने इतरांच्या साथीने कृष्णवर्णीय कॉलेजांच्या कॉन्फरन्सची स्वतःची स्पर्धा उभी केली. तुम्ही घेत नाही ना, मग आम्ही आमची भरवतो!

कॅन्सस सिटीची दारे हळूहळू किलकिली झाली. इंडियाना स्टेटचे प्रशिक्षक जॉन वुडन यांनी १९४७ मध्ये आमंत्रण नाकारले, कारण त्यांच्या क्लॅरन्स वॉकर या खेळाडूला बंदी होती. १९४८ मध्ये बंदी उठली आणि वॉकर खेळला. १९५३ मध्ये कृष्णवर्णीय कॉलेजांनाही पात्रता मिळाली. मॅकलेंडन पुढे नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय या कॉलेजात गेला. कॅन्सस सिटीत आपला संघ गोऱ्या संघांप्रमाणेच शहरातल्या चांगल्या हॉटेलात उतरेल, ही अट त्याने घातली आणि मान्य करून घेतली. मग १९५७, १९५८ आणि १९५९ अशी ओळीने तीन वर्षे त्याच्या संघाने ती स्पर्धा जिंकली. राष्ट्रीय विजेतेपदाची अशी हॅट्‌ट्रिक तोवर कोणत्याच कॉलेजला साधली नव्हती.

हे बघायला नेस्मिथ नव्हते. १९३७ मध्ये ते निवृत्त झाले, १९३९ च्या जूनमध्ये त्यांनी दुसरे लग्न केले आणि २८ नोव्हेंबर १९३९ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने लॉरेन्समध्येच त्यांचे निधन झाले. खेळाच्या जन्माची हकिगत सांगणारे त्यांचे पुस्तक दोन वर्षांनी निघाले. स्प्रिंगफील्डच्या बास्केटबॉल स्मारकालयाला त्यांचे नाव आहे. तिथे १९५९ मध्ये पहिल्याच तुकडीत त्यांचा समावेश झाला. मॅकलेंडन यांना १९७९ मध्ये खेळाला हातभार लावणारे म्हणून आणि २०१६ मध्ये, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, प्रशिक्षक म्हणून.

टंकलिखित तेरा नियमांचे ते दोन कागद डिसेंबर २०१० मध्ये लिलावात निघाले. कॅन्सस विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याने ते त्रेचाळीस लाख डॉलरना घेतले आणि विद्यापीठाला दिले. आता ते लॉरेन्समध्ये, काचेआड, नेस्मिथ शिकवत त्याच आवारात आहेत.